अग्निपर्वतावरील द्राक्षमळे

सन १९२८ च्या नोव्हेंबर महिन्यांत सिसिली बेटावरील मास्काली गांवच्या लोकांनीं आपलीं घरें डोळ्यांदेखत गडप होतांना पाहिलीं. एट्ना पर्वताच्या पूर्व अंगाला भेग पडून तींतून तप्त शिलारस, म्हणजे लाव्हा, बाहेर पडला होता. तो धांवत आला नाहीं. उतारावरून एखाद्या काळ्या भिंतीसारखा तो सावकाश सरकत आला. त्यामुळें माणसांना सामानसुमान हलवून गांव सोडण्यास सवड मिळाली. पण घरें, देऊळ, रस्ते आणि मळे मात्र त्याच्याखालीं कायमचे गाडले गेले. पुढें त्याच नांवाचें नवें गांव समुद्राच्या बाजूस थोडें खालीं वसविण्यांत आलें.

ह्या गांवाचें नांव आज दूरदूरच्या देशांतील जाणकारांच्या तोंडीं आहे, पण तें ह्या संकटामुळें नव्हे. एट्नाच्या उतारावर ज्या काळ्या द्राक्षापासून तेथील प्रसिद्ध तांबडें मद्य होतें, त्या द्राक्षाचें नांव नेरेल्लो मास्कालेसे असें आहे. इटालियन भाषेंत नेरो म्हणजे काळा, आणि मास्कालेसे म्हणजे मास्कालीकडचा. ज्या पर्वतानें गांव गिळलें, त्याच पर्वताच्या अंगावर त्या गांवाच्या नांवाची वेल सर्वांत उत्तम पिकते. अशा वेळीं दोन प्रश्न साहजिकच मनांत येतात. मळे गाडून टाकणाऱ्या पर्वतावरच माणसें पुन्हां पुन्हां मळे कां लावतात? आणि तेथील मद्याला जो गुण येतो, तो खालच्या सुपीक सपाटीवरील मद्याला कां येत नाहीं? दोन्ही प्रश्नांचें उत्तर त्या पर्वताच्या हवेंत आणि मातींत आहे.

एट्ना हा युरोपांतील सर्वांत उंच जागृत ज्वालामुखी. त्याची उंची ३,३०० मीटरांहून अधिक, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराच्या दुपटीएवढी आहे, आणि तो जवळजवळ समुद्रकांठापासूनच वर चढत गेलेला आहे. पायथ्याशीं संत्र्यालिंबांच्या बागा, त्यांच्यावर द्राक्षांचे मळे, त्याहून वर चेस्टनट व पाइन वृक्षांचीं रानें, आणि सर्वांत वर काळी राख व हिंवाळ्यांतील बर्फ, असे निरनिराळे पट्टे त्याच्या अंगावर दिसतात. द्राक्षांचा पट्टा मुख्यतः ४०० ते १,००० मीटर उंचीच्या दरम्यान आहे. उत्तर, पूर्व व दक्षिण अशा तीन बाजूंनीं तो चंद्रकोरीसारखा पर्वताला वेढून राहिला आहे.

ह्या उंचीचें महत्त्व कळण्यासाठीं द्राक्ष पिकतें म्हणजे काय होतें, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. पिकणाऱ्या द्राक्षांत एकाच वेळीं तीन घडामोडी चालू असतात. पहिली साखरेची. वेलीचीं पानें उन्हांत साखर तयार करतात व ती घडांत सांठत जाते. हीच साखर पुढें आंबून तिचा मद्यार्क बनतो. दुसरी घडामोड आम्लाची. द्राक्षांत मुख्य आम्लें दोन असतात. एक चिंचेंत असतें तें, आणि दुसरें हिरव्या सफरचंदांत असतें तें. चिंचेचें आम्ल बरेंच टिकाऊ आहे. सफरचंदाचें आम्ल मात्र द्राक्ष आपल्या श्वसनासाठीं जाळून टाकतें, आणि हवा जितकी उष्ण तितकें तें लवकर जळतें. तिसरी घडामोड सालीची. काळ्या द्राक्षाचा गर बहुधा बिनरंगाचाच असतो. तांबड्या मद्याचा रंग सालींतून येतो, आणि हिरड्याची आठवण करून देणारा त्याचा तुरटपणा सालींतून व बियांतून येतो. म्हणूनच तांबडें मद्य करतांना रस सालींसकट आंबवितात.

ह्या तीन घडामोडी एका चालीनें चालत नाहींत, आणि मद्य करणाराची सारी चिंता येथेंच आहे. उष्ण सपाटीवर साखर झपाट्यानें भरते आणि आम्ल तितक्याच झपाट्यानें जळून जातें. पण सालीचा तुरटपणा मवाळ होण्यास जो काळ लागतो, तो तिला मिळतच नाहीं. साखर पाहून घड तोडावे तर साल कच्ची राहते, आणि सालीची वाट पहावी तर रस अतिगोड व मिळमिळीत होतो. असल्या रसाचें मद्य कडक होतें, परंतु त्यांत टवटवी नसते. सिसिलीच्या सखल भागांत पुष्कळ द्राक्षें ऑगस्ट महिन्यांतच तोडावीं लागतात. एट्नावर मात्र नेरेल्लो मास्कालेसेची तोडणी बहुधा ऑक्टोबरच्या मध्यास होते. इटलींतील अगदीं शेवटच्या तोडण्यांत तिची गणना आहे. एकाच बेटावर, एकाच सूर्याखालीं, दोन महिन्यांचा हा फरक केवळ उंचीमुळें आणि वेलीच्या जातीमुळें पडतो.

समुद्रसपाटीपासून वर जातांना हवा दर हजार मीटरांना सुमारें साडेसहा अंशांनीं थंड होते. हा नियम महाबळेश्वरीं गेलेल्या कोणालाहि अनुभवानें ठाऊक असतो. एट्नाच्या पायथ्याशीं कातानिया शहरांत उन्हाळ्याच्या दिवसांत पारा ३५ अंशांच्या पुढें जातो. त्याच वेळीं हजार मीटरांवरच्या मळ्यांत हवा पुष्कळ सौम्य असते. त्याहून महत्त्वाची आहे ती तेथील रात्र. दिवसा तापलेली जमीन रात्रीं निरभ्र आकाशाखालीं झपाट्यानें निवते, आणि शिखराकडील गार हवा उतारावरून खालीं ओघळूं लागते. पिकण्याच्या दिवसांत रात्र व दिवस यांच्या तपमानांत कधींकधीं वीस अंशांचेंहि अंतर पडतें. दिवसाच्या उन्हानें साखर तयार होते, आणि रात्रीच्या गारव्यानें आम्ल वांचतें. वेलीला दोन्हींचा लाभ होतो, आणि सालीला तिचा वेळ मिळतो.

उंचीचा आणखी एक परिणाम आहे. वर हवेचा थर पातळ असल्यामुळें सूर्याचे जंबुपार किरण अधिक तीव्रतेनें पोंचतात. हजार मीटरांच्या चढणीमागें ही वाढ शेंकडा दहाच्या आसपास असते. ह्या किरणांपासून बचाव करण्यासाठीं द्राक्ष आपल्या सालींत कांहीं द्रव्यें तयार करतें, आणि तुरटपणा व सुवास यांशीं ह्या द्रव्यांचें जवळचें नातें आहे. तरीहि एट्नाचें मद्य दिसण्यांत गडद नसतें. अग्निपर्वताचें मद्य शाईसारखें काळेंभोर असावें, अशी अपेक्षा ठेवणाराची येथें निराशा होते. त्याचा रंग माणकासारखा पारदर्शक व फिकट असतो. परंतु तोंडांत त्याचा तुरटपणा चांगला जाणवतो, व आम्लामुळें तें वर्षानुवर्षें टिकतें. रंगाचा हा फिकेपणा त्या वेलीच्या जातीचा स्वभावच आहे. पर्वत त्या स्वभावाला अवसर देतो, तो बदलून टाकीत नाहीं.

उंचीबरोबर दिशेचाहि विचार करावा लागतो. सह्याद्रीच्या पश्चिमेस कोंकणांत धो धो पाऊस पडतो आणि घाटमाथा ओलांडून थोडें पूर्वेस गेलें कीं पाऊस ओसरतो, हें महाराष्ट्रांतील शाळकरी मुलालाहि माहीत आहे. एट्नावर तेंच चित्र दिशा बदलून पहावयास मिळतें. तेथें समुद्र पूर्वेस आहे. सागरावरून येणारी दमट हवा पूर्व उतारावर चढते, थंड होते आणि तेथेंच रिती होते. त्यामुळें पूर्वेकडील गांवांत वर्षाकाठीं हजार मिलिमीटरांहून पुष्कळ अधिक पाऊस पडतो; उलट नैर्ऋत्येकडील उतारावर तो सुमारें निम्माच असतो. हा पाऊस बहुतेक शरद् ऋतूंत व हिंवाळ्यांत पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. जें काळें द्राक्ष ऑक्टोबरपर्यंत वेलीवर राहावयाचें, त्याला पूर्वेकडील शरदांतला पाऊस घातक ठरतो. सालीला बुरशी लागून सारा घड कुजतो. म्हणून पूर्वेकडे मीलो गांवाच्या परिसरांत कार्रिकान्ते नांवाचें पांढरें द्राक्ष लावतात, आणि उत्तम तांबड्या मद्याचे पुष्कळसे मळे उत्तर उतारावर, कास्तिल्योने आणि रान्दात्सो ह्या गांवांच्या मध्यें आहेत. तेथें एका बाजूनें एट्ना स्वतः आडोसा करतो आणि उत्तरेच्या बाजूनें नेब्रोदी पर्वताची रांग.

आतां मातीकडे वळूं. शिलारस थंड झाला म्हणजे त्याचा उघडा, खडबडीत काळा खडक बनतो. तेथील लोक त्याला शारा म्हणतात. त्यावर प्रथम आपल्या मसाल्यांतील दगडफुलाच्या जातीची करडी वनस्पति धरते. मग पिंवळ्या फुलांचीं झुडपें खडकाच्या भेगांत मुळें घालतात व तो फोडूं लागतात. घट्ट शिलारसाचें शेत होण्यास शतकानुशतकें लागतात. राख आणि खडी यांचा थर जेथें पडतो, तेथें हें काम पुष्कळ लवकर होतें. अशा रीतीनें तयार झालेली एट्नाची माती म्हणजे काळी वाळू, राख आणि हलके सच्छिद्र खडे यांचें मिश्रण होय.

वास्तविक महाराष्ट्राचें पठारहि शिलारसाचेंच बनलेलें आहे. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं जमिनींतील भेगांतून बाहेर पडलेल्या शिलारसाच्या थरांवर थर सांचून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. एट्नाचा खडक ह्या पाषाणाचा जवळचा नातलग शोभतो. मग दोन्हींकडची माती इतकी भिन्न कां? ह्याचें कारण वय आणि हवामान. दख्खनच्या पाषाणावर अतिदीर्घ काळ ऊन व पाऊस यांनीं काम केलें आणि त्याची काळी, चिकण, पाणी धरून ठेवणारी जमीन झाली. ती पावसांत फुगते आणि उन्हाळ्यांत भेगाळते. एट्नाची माती वयानें कोंवळी. तिच्यांत चिकणमातीचा अंश थोडा, म्हणून तिच्यांतून पाणी झरझर निथळून जातें. पोटॅशसारखीं खनिजें तिच्यांत भरपूर असतात, परंतु झाडाला हावरेपणानें वाढूं देईल असा ओलावा तींत नसतो.

मद्याच्या द्राक्षाला ही उणीवच मानवते. ओल्या, भरदार जमिनींत वेल पानांचा पसारा मांडते आणि तिचीं द्राक्षें मोठीं व पाणीदार होतात. निथळत्या मातींत हिंवाळ्यांतील पाऊस खोलवर मुरतो, आणि कोरड्या उन्हाळ्यांत वेलीला त्याच्या शोधांत मुळें खालीं उतरवावीं लागतात. वाढ आंवरते व घड लहान राहतात. द्राक्ष जितकें लहान, तितकें रसाच्या मानानें सालीचें प्रमाण अधिक. आणि तांबड्या मद्याचा रंग व तुरटपणा सालींतूनच यावयाचा, हें वर सांगितलेंच आहे.

येथें एका लोकप्रिय समजुतीचें निरसन केलें पाहिजे. अग्निपर्वतावरील मद्याला दगडाची, धुराची किंवा गंधकाची चव येते, आणि ती मुळें जमिनींतून शोषून घेतात, असें पुष्कळदां बोललें जातें. शास्त्राचा ह्याला आधार नाहीं. मुळें पाण्यांत विरघळलेले क्षार अल्प प्रमाणांत घेतात. खडकाची चव जशीच्या तशी घडांत चढत नाहीं. जमिनीचा परिणाम खरा असतो, पण तो वळणावळणानें होतो. जमीन पाणी किती देते, ऊब किती धरते, वेलीला किती वाढूं देते आणि घड किती दिवसांनीं पिकवते, ह्या मार्गांनीं तो मद्यापर्यंत पोंचतो.

ह्याच कारणानें एट्नावर एका बांधाच्या अलीकडचें आणि पलीकडचें मद्य वेगळें लागतें. पर्वताचा शिलारस सगळा एकाच वेळीं वाहिलेला नाहीं. एका पट्ट्याखालीं काहीं शतकांपूर्वींचा ओघ असतो, तर शेजारच्या पट्ट्याखालीं हजारों वर्षांपूर्वींचा. एके ठिकाणीं बारीक राख आहे, तर दुसऱ्या ठिकाणीं खडीचा जाड थर. तेथील शेतकरी ह्या निरनिराळ्या पट्ट्यांना कोंत्रादा म्हणतात, आणि आपल्याकडे शिवारांतल्या वेगवेगळ्या तुकड्यांना जशीं जुनीं नांवें असतात, तशीं त्यांनाहि आहेत. सन २०११ मध्यें अशा १३३ कोंत्रादांचीं नांवें बाटलीवर छापण्यास अधिकृत मान्यता मिळाली.

ह्या वाळूनें एट्नाच्या वेलींवर आणखी एक मोठा उपकार केला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत फायलोक्सेरा नांवाची, मुळांतील रस शोषणारी एक सूक्ष्म कीड अमेरिकेंतून युरोपांत आली आणि तिनें फ्रान्सपासून इटलीपर्यंतचे द्राक्षमळे उजाड केले. सिसिलींत ती १८८० सालीं आढळली. अखेर उपाय सांपडला तो कलमाचा: अमेरिकन जातीच्या खुंटाचें मूळ ती कीड सोसूं शकतें, म्हणून त्यावर युरोपीय वेलीचें कलम बांधावयाचें. आज जगांतील बहुतेक द्राक्षवेली परक्या मुळांवर उभ्या आहेत. ही कीड एका मुळाकडून दुसऱ्या मुळाकडे जमिनीच्या भेगांतून जाते. चिकण जमीन तडकली कीं तिला वाट मिळते. सुट्या वाळूंत मात्र भेग टिकत नाहीं, त्यामुळें किडीची वाट खुंटते. एट्नावरहि पुष्कळ मळे नष्ट झाले, पण वाळवंटी मातीच्या उंच तुकड्यांत शंभर वर्षांहून जुन्या, स्वतःच्याच मुळांवर वाढलेल्या वेली आजहि फळ देत आहेत. जो पर्वत मळे गाडतो, त्याच्याच राखेनें ह्या वेलींना तारलें.

मात्र हवा व माती यांनीं केवळ सोय करून दिली. मळा उभा राहिला तो मनुष्याच्या हातांनीं. काळे दगड वेंचून चुन्याशिवाय रचलेल्या भिंतींच्या आधारानें उतारावर पायऱ्यापायऱ्यांचीं शेतें केलेलीं आहेत. एकेक वेल झुडपासारखी छाटून चेस्टनटच्या खांबाला बांधतात, म्हणजे तिला चारी बाजूंनीं ऊन व वारा मिळतो. अशा अरुंद पायऱ्यांवर यंत्र चालत नाहीं. खणणें, छाटणें, तोडणें सारें हातानें करावें लागतें. एकोणिसाव्या शतकांत ह्या कष्टांचें चीज होत असे. पर्वताला वळसा घालणारी आगगाडी १८९५ ते १८९८ च्या दरम्यान सुरू झाली, आणि ती गांवोगांवचें मद्य रिपोस्तो बंदरावर नेऊं लागली. पण पुढें कीड, दोन महायुद्धें, आणि शहरांकडे व परदेशांकडे लागलेली तरुणांची रीघ यांमुळें पायऱ्या ओस पडल्या आणि त्यांवर रान माजलें. एट्नाच्या मद्याला १९६८ सालीं कायद्याचें संरक्षण मिळालें, आणि तांबड्या मद्यांत निदान शेंकडा ८० भाग नेरेल्लो मास्कालेसे असलें पाहिजे, असें ठरलें; पण कागदावरच्या संरक्षणानें पडक्या भिंती उभ्या राहत नाहींत. सन १९८८ च्या सुमारास ज्युसेप्पे बेनान्ती यांनीं व २००० पासून आंद्रेया फ्रांकेत्ती यांच्यासारख्या बाहेरून आलेल्या मंडळींनीं जुने मळे पुन्हां हातीं घेतले, तेव्हां कोठें ह्या मद्याची कीर्ति जगभर पसरली.

आज त्या मळ्यांपुढें नवा प्रश्न उभा आहे. ११ ऑगस्ट २०२१ रोजीं सिसिलींतच, सिराकुसा शहराजवळ, ४८.८ अंश तपमानाची नोंद झाली. युरोप खंडांत नोंदलेलें हें सर्वांत अधिक तपमान होय. सखल भागांतील उष्णता अशी वाढूं लागली म्हणजे उंचीचें मोल वाढतें, आणि म्हणून कांहीं लोक अधिकाधिक वर मळे लावीत आहेत. कांहीं मळे तर कायद्यानें आंखलेल्या सीमेच्याहि वर गेले आहेत, व त्यांच्या मद्याला एट्नाचें नांव लावतां येत नाहीं. पण पर्वताच्या उंचीलाहि अंत आहे. फार वर गेल्यास थंड वर्षीं द्राक्ष पिकतच नाहीं, आणि शिखराचा अग्नि अधिक जवळ येतो. त्याच २०२१ सालीं एट्नाचे पन्नासांहून अधिक उद्रेक झाले व आसपासच्या गांवांवर वारंवार काळ्या राखेचा पाऊस पडला.

नाशिककडील द्राक्षबागाइतदाराला ह्या हकीकतींत कांहीं ओळखीचें व कांहीं नवें आढळेल. त्याची बाग शिलारसाच्याच पठारावर, सुमारें ६०० मीटर उंचीवर आहे. परंतु त्याच्या वेलीला बर्फाळ हिंवाळ्याची झोंप नाहीं. म्हणून तो एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरतांना फळछाटणी अशी दोनदां कात्री चालवितो, व थंडीच्या दिवसांत घड भरवून फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास तोडणी करतो. एट्नाचा शेतकरी उंचीकडून जो गारवा मिळवितो, तो नाशिकचा शेतकरी ऋतु साधून मिळवितो. दोघांचा हेतु एकच, कीं साखर भरत असतांना रात्र थंड असावी.

एट्नावर मळा लावणाराला हा गारवा आणि ही निथळती माती फुकट मिळत नाहीं. त्याच्या आजोबांनीं रचलेली भिंत एका रात्रींत गाडली जाऊं शकते, हें त्याला पक्कें ठाऊक असतें. मार्च १९८१ मध्यें रान्दात्सोजवळून वाहिलेल्या शिलारसानें असेच कित्येक मळे आणि फळबागा झांकून टाकल्या. तो काळा पट्टा आजहि रस्त्यावरून स्पष्ट दिसतो, आणि त्याच्या दोन्हीं अंगांना द्राक्षांचे मळे आहेत. पट्ट्याच्या अंगावर करडी दगडफुलें धरलीं आहेत. तेथें शेत व्हावयास कित्येक पिढ्या जाव्या लागतील; पण शेजारच्या ज्या मळ्यांत आज ऑक्टोबरची तोडणी चालते, त्यांची जमीनहि एके काळीं अशीच होती.